डोलकाठीवरची नोटीस

"कुठच्या डोलकाठीला लावतात?" सारंगाने विचारलं. "जहाजाला दोन आहेत."

मला ठाऊक नव्हतं. नोटीस डोलकाठीला लावतात एवढंच मला पोतनीससाहेबांकडून कळलं होतं, तेही आदल्या आठवड्यात. तेव्हाही मी मनात म्हटलं होतं, डोलकाठी शिडाच्या गलबताला असते, या लोखंडी धुडाला कुठली? पण माझ्या हातात फाईल होती, छातीवर सरकारी बिल्ला होता. अडाणी दिसून चालणार नव्हतं.

"पुढच्या," मी ठोकून दिलं.

त्याने वळून पुढच्या डोलकाठीकडे पाहिलं. मग मागच्या. मग माझ्याकडे. माझ्या सांगण्यावर त्याचा पुरता विश्वास बसला नाही हे मला दिसलं, पण त्याने मान डोलावली. म्हातारा सभ्य होता.

हे बहात्तर सालच्या मार्चमधलं. अकरा वर्षं झाली.

जहाजाचं नाव 'नूर-ए-बहर'. पाकिस्तानी कंपनीचं मालवाहू जहाज. चितगावहून चहा आणि ताग भरून कोलंबोमार्गे कराचीला निघालेलं. वाटेत लढाई पेटली आणि आपल्या आरमाराने ते पकडून मुंबईला आणलं. बंदराच्या पार बाहेरच्या अंगाला ते नांगरून ठेवलं होतं, लाँचने जायला सव्वा तास लागायचा. अशा जहाजांचं आणि त्यांच्यातल्या मालाचं काय करायचं ते कोर्ट ठरवणार. निकाल लागेपर्यंत याद्या, सीलं, पहारा, नोटिसा हे सगळं बघायला सरकारने एक ऑफिस उघडलं होतं. दोन खोल्या, चार टेबलं आणि पोतनीससाहेब. मी तिथला टायपिस्ट. ऑफिस तात्पुरतं, मीही तात्पुरता.

मी माणदेशातला. पाणी बघायचं तर विहिरीत वाकून, असा आमचा मुलूख. टायपिंग मी कुठल्या क्लासात शिकलो नाही. पुठ्ठ्यावर बटणं काढून त्यावर सहा महिने बोटं आपटली. खरं मशीन हाताला लागलं तेव्हा एवढाच फरक वाटला, की याची बटणं खाली जातात. नोकरी पक्की झाली की गावाकडची सगळी तोंडं बंद होणार होती. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतं.

जहाजावरच्या लोकांना कॅम्पात हलवलं होतं. पण जहाज नुसतं नांगरून सोडून देता येत नाही. पंप चालवावा लागतो, साखळी बघावी लागते, झिजलेला दोर बदलावा लागतो. म्हणून त्यांच्यातलीच चार माणसं जहाजावर ठेवली होती आणि त्यांच्यावर पहाऱ्याला आपले जवान. त्या चौघांचा म्होरक्या हा सारंग. खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात. याकूब सोलकर त्याचं नाव. साठीला टेकलेला, काटक, हाताची बोटं दोरासारखी पिळलेली.

जानेवारीत यादी करायला आम्ही तीन दिवस जहाजावर होतो. चहाच्या पेटीवर मशीन ठेवून मी टाईप करायचो आणि पोतनीससाहेब नाकाला रुमाल लावून एकेक वस्तू सांगायचे. जहाजभर चहाचा वास. कोरड्या, न उकळलेल्या चहाचा. आधी बरा वाटायचा, मग घशाला चिकटायचा. तिसऱ्या दिवशी सारंग माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला, बोटांकडे बघत, आणि म्हणाला, "गाव कुठचं तुमचं?"

मराठीत. आणि हेल असा, की थेट कोकणातला.

मी दचकलो. मग कळलं, तो जैतापूरच्या खाडीवरच्या कोंडबंदरचा. तेराव्या वर्षी जहाजावर चढला. सत्तेचाळीस साली त्याच्या कंपनीने कचेरी कराचीला नेली, जहाज तिकडे गेलं, जहाजाबरोबर तोही. कागद झाले ते तिकडचे झाले. बायको गावात राहिली. नेईन नेईन म्हणता पासष्टची लढाई आली. मग पत्रंही बंद.

"मी काय ठरवून गेलो नाय," तो म्हणाला. "जहाज गेलं."

त्या दिवशी एवढंच. त्याच दुपारी जहाजाच्या नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, दोरखंडाची कोठी आली. पोतनीससाहेबांनी सांगितलं आणि मी टाईप केलं: दोर, रंगाचे डबे, कप्प्या, एक पत्र्याची ट्रंक कुलूपबंद. खलाशांचं खासगी सामान जप्त करायचं नाही असा नियम होता. पण खासगी सामान म्हणजे त्यांच्या राहायच्या खोल्यांतलं. ही ट्रंक कोठीत होती, म्हणून ती जहाजाच्या सामानात गेली. त्यांच्यात उलटी रीत होती. मोलाची चीज राहायच्या खोलीत ठेवायची नाही, सारंगाच्या कोठीत, त्याच्या कुलपाखाली ठेवायची. सगळ्या जगाच्या खलाशांना हे ठाऊक असेल. आम्हाला नव्हतं, आणि मी विचारलं नाही. सारंग तेव्हा खाली पंपावर होता. संध्याकाळपर्यंत यादीवर तीन सह्या पडल्या आणि कोठीच्या दाराला लाखेचं सील बसलं.

मार्चमध्ये मी सीलं तपासायला गेलो तेव्हा तो माझी वाट बघत होता. ट्रंक त्याची होती. आत काय आहे ते त्याने मला नीट सांगितलं, दोनदा. शेहेचाळीस साली त्याने गावचं घर बायकोच्या नावावर केलं होतं. स्टँपपेपरवर बक्षीसपत्र, दोन साक्षीदार, दोघंही आता वारलेले. नक्कल कुठे नाही. तो कागद तेव्हापासून त्याच्या ट्रंकेत जगभर फिरत होता. आता गावच्या घरावर नोटीस आली होती: मालक पाकिस्तानी, सबब घर सरकारजमा. घर आपलं आहे हे बायकोने बहात्तरच्या अखेरपर्यंत सिद्ध केलं तर राहील. तिने बहारीनमधल्या कुणाकरवी निरोप धाडला होता, कागद पाठव. कोलंबोला एक गाववाला खलाशी भेटणार होता, त्याच्या हाती तो पाठवायचं ठरलं होतं. त्या माणसाचं जहाज आलंच नाही. आणि मग आरमाराचं आलं.

"मला तुमी ट्रंक देऊ नका," तो म्हणाला. "तो कागद तेवडा काढा, आणि खैरुनला धाडा. पत्ता देतो."

मी पोतनीससाहेबांना विचारलं. ते वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मला समजावून सांगितलं, लहान भावाला सांगावं तसं. यादी कोर्टात गेलेली आहे. त्यातली टाचणीसुद्धा आता कोर्टाची. कुणाचा काही दावा असेल तर त्यासाठीच नोटीस असते. ती जहाजाच्या डोलकाठीला लावायची, लावल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत ज्याला वाटेल त्याने अर्ज करायचा. अर्जावर नोटिशीचा नंबर आणि लावल्याची तारीख हवी. नसेल तर अर्ज फायलीला लागत नाही.

"पण साहेब, रिकाम्या जहाजावर डोलकाठीची नोटीस वाचणार कोण?"

"शेडगे, ती वाचण्यासाठी नसते," ते म्हणाले. "लावण्यासाठी असते."

हे मी सारंगाला सांगितलं, फक्त साहेबांचं शेवटचं वाक्य सोडून. नोटीस लागली की अर्ज मी स्वतः टाईप करून देईन, असंही सांगितलं. तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला, कुठच्या डोलकाठीला, आणि मी पुढची म्हणालो.

नोटीस निघाली एप्रिलच्या अखेरीला. मीच टाईप केली, चार प्रती. अठ्ठावीस तारखेला दुपारी मी ती खळीच्या डब्यासकट घेऊन लाँचमध्ये बसलो. लाँच चालवणारा धर्मा तांडेल. धर्मा कोळी माणूस, माझी नेहमी टिंगल करायचा. म्हणायचा, शेडगे, समुद्राची आणि तुझी अजून ओळखच झाली नाही, नमस्कार तरी घाल त्याला.

त्या दिवशी दुपारचा वारा सुटला होता. बंदराचा आडोसा सुटला तशी लाँच उभी राहायला लागली. खरंच, घोडा उधळतो तशी. मी पहिल्या दहा मिनिटांत सगळं ओकलो. मग ओकायला काही उरलं नाही तरी पोट थांबेना. एका लाटेत खळीचा डबा आडवा झाला आणि तळाला पांढरं पांढरं पसरलं. समोर जहाज दिसत होतं. अजून अर्धी वाट होती. काळं, उंच, आणि हालत नव्हतं. आम्हीच तेवढे हालत होतो.

"वळव," मी म्हणालो.

धर्माने सुकाणू धरूनच विचारलं, "कागद?"

"उद्या लावतो."

"तुझी मर्जी. माझ्या वहीत फेरी झाली," तो म्हणाला. "कुठपर्यंत झाली त्याचा रकाना नाही."

ऑफिसात आलो तर पोतनीससाहेबांनी प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं. मी, अमुक अमुक, शपथेवर सांगतो की आज रोजी नोटिशीची प्रत सदर जहाजाच्या डोलकाठीस समक्ष चिकटवली. कोर्टाचा माणूस बसून होता, त्याला पाचच्या आत कागद हवा होता. साहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "समुद्र लागला वाटतं. लावलीत ना पण?"

मी हो म्हणालो आणि सही केली.

खरंच सांगतो, मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नसताना जाऊ, लावू, कोण विचारतं. दुसऱ्या दिवशी लाँच आरमाराच्या कामाला गेली. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की जहाजावर पहाऱ्याची वही असते. कोण आलं, किती वाजता, कशाला. माझं अठ्ठावीसचं नाव त्या वहीत नाही. आज गेलो तर आजची तारीख पडेल, आणि 'नोटीस लावली' असं त्यांच्याच हातचं लिहिलेलं राहील. शपथेवर खोटं बोललेला तात्पुरता टायपिस्ट. मग गेलो नाही. अर्ज माझ्या टेबलावर टाईप करता आला असता, नंबर माझ्याकडे होता, तारीख माझ्याकडे होती. पण सही सारंगाची हवी, आणि सही घ्यायला जहाजावर जायला हवं. मी स्वतःला सांगायचो, पुढच्या आठवड्यात. नोटिशीची उरलेली प्रत माझ्या खणात होती. खण उघडला की वर तीच. मी तिच्यावर टाईपचे कोरे कागद ठेवले.

तीस दिवस असे गेले, की गेलेले कळलेच नाहीत. कुणीही दावा केला नाही. कोर्टाने जहाज मालासकट सरकारचं ठरवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते गोदीत ओढून आणायचं ठरलं. त्याआधी सीलं पाहायला पोतनीससाहेब, कोर्टाचा माणूस आणि मी असे तिघे निघालो. धर्माचीच लाँच. त्या सकाळी समुद्र तेलासारखा सपाट होता. मला काहीसुद्धा झालं नाही.

सारंग शिडीच्या तोंडाशी उभा होता. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात दुमडलेला कागद. साहेब आणि कोर्टाचा माणूस जवानांशी बोलायला थांबले. मी पुढे झालो आणि मला ती दिसली.

पुढच्या डोलकाठीला, बरोबर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, लाकडाची चौकट. पेटीच्या फळ्यांची, पण रंधा मारून गुळगुळीत केलेली, पांढरा रंग दिलेली. समुद्राच्या तुषारांनी कागद भिजू नये म्हणून वर पत्र्याचं छोटंसं छप्पर. चार कोपऱ्यांत चार पितळी खिळे, घासून लखलखीत. मधे काही नाही. नुसती पांढरी फळी.

मी मागे वळलो. मागच्या डोलकाठीलाही तशीच एक होती. मी पुढची म्हणालो होतो, पण त्याने धोका पत्करला नव्हता.

सगळीकडे चहाचा वास. माल तोपर्यंत उतरवलेला होता, तरी वास होता.

"आज लावणार?" सारंगाने विचारलं.

त्याने कागद उघडून माझ्यापुढे धरला. अर्ज. त्याच्या हातचा, बाळबोध अक्षरात, तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाचा. नाव, गाव, ट्रंकेचं वर्णन, आतल्या कागदाचं वर्णन, खैरुनचा पत्ता. फक्त नंबरची आणि तारखेची जागा कोरी ठेवलेली.

तेवढ्यात साहेब जवळ आले. मागे कोर्टाचा माणूस. "काय म्हणतायत हे?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "नोटीस बघितली नाही म्हणतायत." आणि सारंगाकडे न बघता, त्याच्या टोपीकडे बघत, "लागली होती. एप्रिलच्या अठ्ठावीसला. वाऱ्याने उडाली असेल."

 खाली लाँचमध्ये धर्मा होता, त्याने मान दुसरीकडे फिरवली. सारंग चौकटीपाशी गेला. एका खिळ्याला हात लावला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. चौथ्यावर बोट ठेवून थांबला.

"दुपारची वेळ होती?" त्याने विचारलं.

"दुपारची."

"मग बरोबर," तो साहेबांकडे वळून म्हणाला. "दुपारी मी नमाजाला खाली जातो. तेवड्यात गेली असणार. चूक माजी. एरवी मी हितनं हललो नाय."

साहेब चुकचुकले. फार वाईट झालं म्हणाले, पण आता मुदत गेली. कोर्टाचा माणूस घड्याळ बघत होता. सारंगाने अर्ज घडीवर घडी घालून खिशात ठेवला. निघताना मी शिडीवर पाय टाकला तेव्हा त्याने माझा दंड धरला. मला वाटलं, आता बोलणार. तो म्हणाला, "पाय जपून. तिसरी पायरी निसरडी हाय."

परतताना मी धर्मापुढे विडी धरली. त्याने घेतली नाही. त्यानंतर त्याने माझी टिंगलही कधी केली नाही.

त्याच महिन्यात मला नोकरीत कायम केलं.

सारंगाला आणि बाकी तिघांना कॅम्पात नेलं. कोठीचं सामान गोदीतल्या शेडमध्ये आलं, ट्रंकेसकट. मी ती पाहिली. हिरवी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव. पाच महिने ती माझ्यापासून दोनशे पावलांवर होती. मी एकदा साहेबांच्या टेबलापर्यंत जाऊन आलो. काय शेडगे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कार्बन पेपर संपलेत. तेवढ्यावर परत आलो.

दिवाळीनंतर लिलाव झाला. दोर, रंग, कप्प्या, ट्रंक, सगळं मिळून एक ढीग. मुंबईत जुनी जहाजं तोडतात त्या दारूखान्यातल्या एका भंगारवाल्याने घेतला.

जहाज कधीच गेलं होतं. पण मला त्या चौकटी दिसायला लागल्या. ऑफिसच्या फळ्यावर काही लावायला गेलो की हात थांबायचा. मधे रिकामी जागा दिसली की तिच्यासमोर कुणीतरी उभं आहे, धुतलेला सदरा घालून, असं वाटायचं. कुणी नसायचं. खानावळीत चहाची नवी पेटी फोडली की मी उठून बाहेर जायचो. एका सकाळी, डिसेंबर संपत आलेला, मी रजा टाकली आणि दारूखान्यात गेलो.

दोन दिवस शोधलं. ट्रंक एका टपरीवजा शेडमध्ये सापडली. त्यावर बसून एक माणूस साखळीचे दुवे ठोकत होता. कुलूप तोडलेलं. आत हातोड्या, छिन्न्या. मी विचारलं, यात कागद होते. त्याला आठवलं. कपडे होते, ते कुणी कुणी नेले. कागद होते, जुनाट. डांबर तापवायला चूल पेटवतात रोज, त्यात गेले असतील. तो वाईट वाटून घेऊन म्हणाला, "आपल्या कामाचे होते काय?"

मी रिकामी ट्रंक मागून घेतली.

एसटीने राजापूर, तिथून दुसरी गाडी, मग खाडी ओलांडायला तर. कोंडबंदर म्हणजे खाडीच्या काठाला वीस-पंचवीस घरं, मधे मशीद, वर माडाच्या बागा. ट्रंक खांद्यावर घेतलेला अनोळखी माणूस बघून लोक दारात आले. झाकणावरचं नाव एका म्हाताऱ्याने वाचलं आणि काही न विचारता बोटाने घर दाखवलं.

चिऱ्याचं बैठं घर. दाराला कुलूप, कुलपाला कापड गुंडाळून त्यावर लाखेचं सील. ताजं, लालभडक. आणि दारावर नोटीस. चारी कडांना खळ लावून चिकटवलेली, एक कोपरासुद्धा सुटलेला नाही. वरून हात फिरवला असणार कुणीतरी, सुरकुती नव्हती. मी ती वाचली नाही. तिच्यापुढे उभा राहिलो.

खैरुन शेजारच्या पडवीत राहत होती. लहानखुरी बाई, पांढरे केस, डोक्यावरून पदर. मी वाटेत सगळं बोलणं तयार केलं होतं. मी ऑफिसातला आहे, फार वाईट झालं, नोटीस आम्ही लावली होती, वाऱ्याने उडाली, नाहीतर तुमचा कागद नक्की मिळाला असता. ट्रंक मी माझ्या ओळखीने मिळवली. कागद मात्र तिच्यात नाही, खूप शोधला. एका दमात बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नोटीस तुमी स्वतः लावलीत?"

"हो, चाची."

"तुमच्या हातानं?"

"हो."

ती उठली. कोनाड्यातून एक कार्ड काढून आणलं. कॅम्पातून आलेलं, वर तपासणाऱ्याचा शिक्का. "मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "गावात दोघातिघांनी वाचून दाखवलंय. तुमी पण वाचा. मोठ्यानं."

अक्षर मी ओळखलं. बाळबोध. तारीख जूनची. मी वाचायला लागलो.

खैरुनला सलाम. मी बरा आहे. ट्रंक सरकारात अडकली आहे. नोटीस लागायची होती ती लागली नाही. ऑफिसातलं पोरगं निघालं होतं, मी नाळेवरून बघत होतो. लाँच अर्ध्या वाटेतून वळली. घाटावरचं पोर आहे, समुद्राला भ्यालं. नंतर साहेबासमोर ते उडाली म्हणालं. मी पण उडाली म्हणालो. खरं बोललो असतो तर त्याची नोकरी गेली असती. त्या ऑफिसात आपलं ऐकणारं तेवढं एकच माणूस आहे. ते तिथं राहिलं तर ट्रंक सोडवील. आता त्याच्यावर आपलं ओझं आहे, ते विसरणार नाही. तू काळजी करू नको. कुणाकडे धावाधाव करू नको. तो ट्रंक घेऊन येईल. वाट बघ.

शेवटचे दोन शब्द मला मोठ्याने वाचता आले नाहीत. तिला पाठ होते. ते तीच म्हणाली.

मग ती ट्रंकेपाशी बसली. कडी काढून झाकण वर केलं, आत पाहिलं, तळाशी हात घातला आणि चारी कोपरे चाचपले. छिन्नीचा लोखंडी भुगा तिच्या बोटांना लागला. तो तिने पदराला पुसला आणि झाकण हळू खाली घेतलं, आवाज होऊ न देता.

"आणलीत पण," ती म्हणाली.

आणि आतल्या बाजूला तोंड करून, शेजारणीला, "लांबनं आलाय तो. चहा टाक."

चहा आला. मी तो प्यालो. सगळा.